भाऊ रीलमधल्या गुरूच्या नादी लागलाय, त्याला कसं समजावू? : एका कॉपीरायटरचं उत्तर

ताई, तुमचा प्रश्न इतरांनाही कळावा म्हणून आधी थोडक्यात मांडतो. तुमचा धाकटा भाऊ लातूर जिल्ह्यातलं गाव सोडून पुण्यात सदाशिव पेठेत राहतो आणि राज्यसेवेची तयारी करतो. दोनदा पूर्व परीक्षेत राहिला. गेल्या आठ महिन्यांत तो इन्स्टाग्रामवरच्या एका ‘माइंडसेट कोच’च्या नादी लागलाय. आधी ९९ रुपयांचं वेबिनार झालं, मग साडेसात हजारांचा कोर्स, आणि आता ४८ हजारांचं ‘इनर सर्कल’, तेही हप्त्यांवर. पहिला हप्ता वडिलांनी सोयाबीनच्या पैशांतून भरला. घरात कुणी शंका काढली की तो म्हणतो, ‘तुम्ही सगळे निगेटिव्ह आहात.’ ही माणसं नेमकं करतात काय, त्यांच्या बोलण्यात काही खरं असतं का, आणि भावाला यातून बाहेर कसं काढायचं, असे तुमचे तीन प्रश्न आहेत. माझं उत्तर त्याला पाठवलं तर चालेल का, असंही शेवटी विचारलंय.

उत्तर कोण देतंय ते तुम्हाला माहीत असायला हवं. मी सत्तावीस वर्षं जाहिरातींसाठी लिहितोय. साबण, सदनिका, बी-बियाणं, सहकारी बँका, सगळ्यांसाठी लिहिलं. त्यातली तीन वर्षं, २०१६ ते २०१९, मी एका ‘सक्सेस ट्रेनर’साठी लिहिलं. त्याच्या जाहिराती, पत्रकं, हॉलमधल्या भाषणाची संहिता, भाषणानंतर फोन करणाऱ्या मुलामुलींनी काय बोलायचं ते, सगळं माझ्या हातून गेलं. नंतर मी ते काम सोडलं. पुढे करोनात हॉल बंद झाले आणि तीच संहिता झूमवर गेली. माझ्या वेळचे काही जण अजून तेच लिहितात, भेटतात, बोलतात. त्यामुळे पुढे जे सांगतोय ते मी स्वतः केलेलं किंवा जवळून पाहिलेलं आहे.

तुमचा भाऊ मूर्ख नाही, हे आधी मनात पक्कं करा. घरातले त्याला तसं समजतात असं त्याला वाटलं, तर पुढचं काहीही चालणार नाही. लोकांना वाटतं की माणूस खोट्या वाक्याला भुलतो. माझा अनुभव वेगळा आहे. पहिलं वाक्य खरं असतं, म्हणूनच माणूस थांबतो. ‘रिझल्टच्या दिवशी घरून फोन येतो आणि तू तो उचलत नाहीस. उचलून सांगणार काय?’ असं एखाद्या रीलचं पहिलं वाक्य असेल, तर सदाशिव पेठेतल्या किती मुलांच्या काळजात ते लागेल, सांगा. त्यात खोटं काय आहे?

अशी वाक्यं आम्ही घरी बसून रचत नव्हतो. मी शास्त्री रस्त्यावरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसायचो. अभ्यासिकेतून मुलं खाली यायची, एक कटिंग दोघांत घ्यायची आणि बोलायची. ‘गावाकडं गेलं की लोकं विचारतात, झालं का?’ ‘बहिणीचं लग्न माझ्यासाठी थांबलंय.’ ‘वय निघून चाललंय.’ मी ते वहीत जसंच्या तसं उतरवून घ्यायचो, अगदी त्यांच्या बोलीसकट. आठवड्याभरात तेच शब्द ट्रेनरच्या तोंडी जायचे आणि ऐकणाऱ्याला वाटायचं, या माणसाला माझ्या मनातलं कसं कळलं? पहिला विश्वास तिथे बसतो. ज्याने दुखणं इतकं अचूक ओळखलं, त्याच्याकडे औषधही असणार, असं माणूस धरून चालतो. दुखणं ओळखणं आणि औषध असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पण त्या क्षणी त्यांच्यातलं अंतर दिसत नाही.

बर्ट्रम फोरर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९४८ साली आपल्या वर्गातल्या ३९ विद्यार्थ्यांची एक चाचणी घेतली आणि प्रत्येकाला ‘तुझं खास व्यक्तिचित्र’ म्हणून एक कागद दिला. ते कितपत जुळतं याला ५ पैकी गुण द्यायला सांगितले. सरासरी ४.२६ आली. मग त्याने सांगितलं की सगळ्यांना एकच कागद दिला होता, आणि त्यातली वाक्यं ज्योतिषाच्या एका पुस्तकातून उचललेली होती. त्यातलं एक वाक्य साधारण असं होतं: तुझ्यात खूप क्षमता आहे, पण तिचा तू अजून उपयोग करून घेतलेला नाहीस. ताई, भावाचं ते वेबिनार कधी ऐकायला मिळालं तर पहिल्या दहा मिनिटांत हे वाक्य येतंय का बघा.

आता फोनचं. टिकटॉकवर भारतात २९ जून २०२० ला बंदी आली आणि दहा दिवसांच्या आत इन्स्टाग्रामने इथे रील्स सुरू केले. तेव्हापासून या धंद्याचं सगळं रूपच बदललं. माझ्या काळी माणसाला हॉलपर्यंत आणावं लागायचं. पेपरात जाहिरात, चौकात फलक, ओळखीचा माणूस, इतकं केल्यावर चारशे खुर्च्या भरायच्या. आता माणूस रात्री साडेबाराला कॉटवर पडून अंगठ्याने रील सरकवत असतो आणि एका रीलवर चार सेकंद जास्त थांबतो. त्याने लाइक केलेलं नसतं, कुणाला काही सांगितलेलं नसतं. तो फक्त थांबलेला असतो. तेवढ्यावरून त्याला तसंच आणखी दाखवायचं हे यंत्र ठरवतं. दुसऱ्या दिवशी तीन रील येतात, आठवड्याने तीस. त्याला वाटतं, जिथे बघावं तिथे लोक हेच सांगताहेत, म्हणजे यात तथ्य असणार. नापास झालेला मुलगा एका दुःखी रीलवर थांबला, बस, एवढंच घडलेलं असतं. पण त्याला तो संकेत वाटतो. नियतीने हा माणूस आपल्यासमोर आणला असं सांगणारी मुलं मला भेटली आहेत, आणि ती अगदी मनापासून बोलत होती.

एखादं विधान पुन्हा पुन्हा कानावर पडलं की ते खरं वाटू लागतं, हे १९७७ साली अमेरिकेतल्या तीन संशोधकांनी प्रयोग करून दाखवलं. विधान खरं असो वा खोटं, दोन्हींच्या बाबतीत तसंच झालं. आम्ही ते संशोधन वाचलेलं नव्हतं. पण एकच ओळ भाषणात अकरा वेळा आणायची, हे आम्हाला धंद्यातून कळलं होतं.

तुमच्या गावाच्या आठवडी बाजारात कधी गारुडी यायचा का? माझ्या लहानपणी आमच्याकडे यायचा. डुगडुगी वाजवायचा, एका टोपलीत साप, बाजूला खुंटीला बांधलेलं मुंगूस. म्हणायचा, ‘आता साप-मुंगसाची लढाई लावतो.’ गर्दी जमायची. मग तो बोलत राहायचा, मधूनच टोपलीचं झाकण उचलायचा, परत ठेवायचा. जो मधूनच उठून जाईल त्याच्या घरी काय होईल याचीही भीती घालायचा. तासाभरात ताईत विकून व्हायचे, पोरं पुढे सरकून बसलेली असायची, आणि लढाई मी एकदाही पाहिली नाही. मुंगूस संध्याकाळपर्यंत खुंटीलाच असायचं.

वेबिनारची बांधणी तीच असते. ‘शेवटपर्यंत थांबा, ती तीन सूत्रं मी अगदी शेवटी सांगणार आहे.’ तीन तासांत पहिली चाळीस-पन्नास मिनिटं स्वतःची कहाणी: पत्र्याचं घर, फाटकी चप्पल, एक अपमान, एक रात्र, आणि मग सगळं बदललं. ही कहाणी बहुतेक वेळा खोटी नसते. फक्त तिच्यात नेमकी तेवढीच पायरी गाळलेली असते, जी ऐकणाऱ्याला हवी आहे. चप्पल फाटकी होती आणि आता गाडी आहे. मधले पैसे कुठून आले? अनेकांच्या बाबतीत ते कोर्स विकूनच आलेले असतात. ज्या सूत्रांनी श्रीमंत झालो म्हणून तो सांगतो, त्या सूत्रांनी तो श्रीमंत झालेला नसतो. ती सूत्रं विकून झालेला असतो. मी ज्याच्यासाठी लिहायचो त्याचे हिशोब मला दिसायचे. त्याला दुसरा धंदा नव्हता.

मग येतात लहान लहान होकार. ‘आवाज येतोय का? चॅटमध्ये हो लिहा.’ ‘आयुष्य बदलायचंय का? हो लिहा.’ ‘किती जण गंभीर आहेत? हो लिहा.’ हे निरुपद्रवी वाटतं. १९६६ साली फ्रीडमन आणि फ्रेझर या संशोधकांनी कॅलिफोर्नियात घरोघर जाऊन विचारलं, ‘गाडी जपून चालवा असा मोठा, बेढब फलक तुमच्या अंगणात लावू का?’ १७ टक्के लोक तयार झाले. दुसऱ्या एका गटाकडे त्यांनी दोन आठवडे आधी जाऊन फक्त एक छोटीशी पाटी खिडकीत लावायला सांगितली होती. त्या गटात नंतर मोठ्या फलकाला ७६ टक्के लोक तयार झाले. छोटा होकार दिला की माणूस स्वतःलाच सांगतो, मी या बाजूचा आहे. चॅटमधले ते वीस-पंचवीस ‘हो’ त्यासाठी असतात. ९९ रुपयेही त्यासाठीच. त्या पैशांत बहुतेक वेळा जाहिरातीचा खर्चसुद्धा निघत नाही. पण ज्याने एकदा खिशात हात घातला त्याची यादी वेगळी होते, आणि पुढचे फोन त्याच यादीला जातात.

ज्याला ‘लाइव्ह’ म्हणतात ते अनेकदा आधी रेकॉर्ड केलेलं असतं. चॅटमध्ये धडाधड येणारे ‘आत्ताच जॉइन झालो सर’ हे संदेश आधी भरून ठेवता येतात. खाली उलटा चालणारा टायमर असतो. पान बंद करून पुन्हा उघडलं की तो कित्येकदा पहिल्यापासून सुरू होतो. किंमत आधी १,८५,००० सांगायची, त्यात काय काय मिळणार त्याची लांबलचक यादी वाचायची, मग एकेक आकडा खोडत ४८,००० वर यायचं. तिथे पोहोचेपर्यंत ४८,००० स्वस्त वाटू लागतात, कारण माणूस १,८५,००० शी तुलना करत असतो. वडिलांनी सोयाबीन कोणत्या भावाने विकलं, याच्याशी त्या क्षणी कुणी तुलना करत नाही. ती करू न देणं हेच आमचं काम होतं.

दुसऱ्या दिवशी फोन येतो. फोन करणारी मुलगी गोड बोलते, पुष्कळ ऐकून घेते, आणि एक प्रश्न हमखास विचारते: ‘निर्णय तुमचा तुम्ही घेता, की घरच्यांना विचारावं लागतं?’ हा प्रश्न मी लिहिलेला आहे, जवळपास याच शब्दांत. तेवीस-चोवीस वर्षांच्या मुलाला ‘घरी विचारतो’ म्हणायची लाज वाटावी, यासाठी तो तसा रचला होता. तुमचा भाऊ तुम्हाला न विचारता नाव नोंदवून बसला, याचा तुम्हाला राग आला असेल. तो राग त्याच्यावर काढू नका.

मी ते काम का सोडलं ते सांगतो, कारण त्याचा तुमच्या प्रश्नाशी संबंध आहे. २०१९ च्या सुरुवातीला पुण्यातल्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये मी मागच्या रांगेत बसलो होतो. भाषण संपलं, कार्ड घासायच्या टेबलापुढे रांग लागली. त्या रांगेत एक पन्नाशीचे शिक्षक उभे होते, साताऱ्याकडचे. ते बायकोला फोनवर ओटीपी विचारत होते. खात्याला बहुधा तिचा मोबाइल नंबर जोडलेला असावा. ती काहीतरी विचारत होती आणि हे दबक्या आवाजात म्हणत होते, ‘अगं, हा खर्च नाही, ही स्वतःमधली गुंतवणूक आहे. निर्णय घेतला नाही तर तोही एक निर्णयच असतो.’ ती दोन्ही वाक्यं माझी होती. मी ती एका मंगळवारी दुपारी माझ्या टेबलावर बसून लिहिली होती. बायकोला काय सांगायचं, याची तयारीही मीच त्यांना करून दिली होती. तिने ओटीपी सांगितला. त्यांनी सगळे पैसे एकदम भरले. त्यांचं पुढे काय झालं ते मला कळलं नाही, आणि ते शोधायची सोयही आम्ही ठेवलेली नव्हती. कोर्स घेणाऱ्यांचं वर्षाने काय झालं याची नोंद आमच्याकडे कुठेच नव्हती. ज्यांचं चांगलं झालं ते स्वतःहून कळवायचे, त्यांचे व्हिडिओ आम्ही करायचो. बाकीचे गप्प बसायचे.

म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: काही खरं असतं का? असतं. सकाळी उठा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, रोज थोडं लिहा, अपयश म्हणजे शेवट नव्हे, हे सगळं बरोबर आहे, आणि एखाद्या एकट्या पडलेल्या मुलाला ते कुणीतरी उत्साहाने सांगितलं तर त्याला उभारी येते. त्या उभारीची मी हेटाळणी करणार नाही. हॉलमधून बाहेर पडणाऱ्यांच्या चेहऱ्यावर मी ती पाहिली आहे. पण ती आठ-दहा दिवस टिकते. ती ओसरली की माणसाला वाटतं, मीच कमी पडलो, आणि मग पुढची पायरी विकली जाते. सल्ला बरोबर निघाला तर श्रेय गुरूचं, चुकला तर दोष तुमच्या माइंडसेटचा. अशा रचनेत सल्ला तपासायची जागाच उरत नाही. कोणत्याही चांगल्या शिक्षकाकडे ती जागा असते. गणिताच्या मास्तरांनी शिकवलं आणि वर्गातल्या चाळीसपैकी बत्तीस जणांना उदाहरण सुटलं नाही, तर मास्तर शिकवण्याची पद्धत बदलतात.

त्यामुळे एकच हिशोब मागायला शिका: एकूण किती जण होते? स्पर्धा परीक्षांच्या क्लासेसबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने चौकशी केली, तेव्हा असं आढळलं की जाहिरातीत फोटो झळकणाऱ्या अनेक यशस्वी उमेदवारांनी त्या क्लासमधून फक्त मुलाखतीचं मार्गदर्शन घेतलं होतं, आणि जाहिरातीत ते लपवलेलं होतं. १३ नोव्हेंबर २०२४ ला प्राधिकरणाने कोचिंग क्षेत्रासाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली: उमेदवाराने नेमका कोणता कोर्स केला, किती काळ केला, पैसे भरले होते का, हे सांगायला हवं; निवड झाल्यावर त्याची लेखी संमती घेतल्याशिवाय फोटो वापरता येणार नाही; ‘जागा संपत आल्या’ अशी खोटी घाई दाखवता येणार नाही. तुमच्या भावाचा कोच स्वतःला क्लास म्हणवणार नाही कदाचित. पण दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध २०२२ ची जी तत्त्वं आहेत, ती सगळ्याच जाहिरातींना लागू आहेत.

भावाच्या ‘इनर सर्कल’मध्ये ट्रेडिंगचंही सत्र आहे असं तुम्ही लिहिलंय. मला त्याचीच सगळ्यात जास्त काळजी वाटते. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासानुसार, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये, म्हणजे शेअर बाजारातल्या वायद्यांच्या सौद्यांत, उतरलेल्या एक कोटीहून अधिक वैयक्तिक ट्रेडर्सपैकी ९३ टक्के लोक तोट्यात गेले. एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांच्या वर होता. कोच स्क्रीनशॉट दाखवतो तो उरलेल्या सात टक्क्यांतला असतो, किंवा त्यातलाही नसतो. कोर्सचे ४८ हजार जातील तेवढेच जातील. ट्रेडिंगमध्ये किती जातील याला मर्यादा नाही. भावाशी बोलताना एकाच गोष्टीवर ठाम राहायचं असेल, तर ती ही असू द्या.

आता तिसरा प्रश्न. कसं बोलायचं?

‘तुला फसवलंय’ हे सिद्ध करायला जाऊ नका. १९५४ साली अमेरिकेत एका छोट्या पंथाच्या लोकांना खात्री होती की २१ डिसेंबरला महापूर येऊन जग बुडणार. काहींनी नोकऱ्या सोडल्या, घरदार सोडलं. लिऑन फेस्टिंजर हे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी त्या गटात मिसळून निरीक्षण करत होते. पूर आला नाही. गट फुटेल असं कुणालाही वाटेल. पण ज्यांनी सगळ्यात जास्त गमावलं होतं, ते त्यानंतर अधिक जोमाने प्रचार करू लागले. आमच्या भक्तीमुळेच जग वाचलं, असं त्यांनी स्वतःला पटवलं. जितकं मोठं मोल दिलेलं असतं, तितकं ‘मी चुकलो’ म्हणणं महाग पडतं. भावाने पैसे दिलेत, वडिलांशी भांडलाय, मित्रांना हे सगळं मोठ्या अभिमानाने सांगितलंय. तुम्ही पुरावे समोर टाकलेत तर तो ते खोडून काढण्यात सगळी बुद्धी लावेल, आणि प्रत्येक वादानंतर आणखी घट्ट होईल. ‘निगेटिव्ह लोकांपासून दूर राहा’ हे त्याला आधीच शिकवून ठेवलेलं आहे. तुम्ही ओरडलात की गुरूचं भाकीत खरं ठरतं.

त्याऐवजी त्याला विचारा, आणि उत्तर ऐका. आपल्याकडे गाडगे महाराजांनी हे आयुष्यभर केलं. गावात यायचे, आधी हातात खराटा घेऊन गाव झाडायचे, आणि रात्री कीर्तनाला उभे राहायचे. कीर्तनात प्रश्न लोकांनाच टाकायचे आणि उत्तर लोकांच्याच तोंडून काढायचे. कर्ज काढून सण-समारंभ करू नका, मुलांना शाळेत घाला, देवापुढे बकरं कापू नका, हे सगळं त्यांनी सांगितलं ते असं. लोकांना पटवण्याची इतकी ताकद महाराष्ट्रात फार थोड्यांकडे होती. तुलना मला मुद्दाम करायची आहे, कारण पटवणं हीच वाईट गोष्ट आहे असं मला मुळीच वाटत नाही. मी अजूनही त्यावरच पोट भरतो. एक माणूस हजारो लोकांना कर्ज काढू नका म्हणून पटवत होता, आणि दुसरा आज हप्त्यावर आत्मविश्वास घ्यायला पटवतोय. दोघांचीही कहाणी गरिबीची आहे, दोघेही लोकांच्या बोलीत बोलतात. गाडगेबाबांचं ऐकून माणूस घरी गेला की त्याचे पैसे त्याच्याच गाठीला राहायचे, आणि सांगितलेलं खरं की खोटं ते त्याला स्वतःच्या घरात पडताळून पाहता यायचं.

तेव्हा असे प्रश्न विचारा, आणि एका भेटीत एकच: ‘तुला त्यांचं काय आवडतं?’ हा पहिला, आणि तो खरोखर जाणून घ्यायला विचारा. त्याच्या उत्तरात त्याचं दुखणं असेल. बहुधा तो सांगेल की ते मला समजून घेतात. मग गप्प बसा. तेवढ्यासाठीच गेलात असं समजा. पुढच्या वेळी: ‘तुझ्या बॅचमध्ये किती जण होते? त्यातले आता काय करतात?’ त्याला माहीत नसेल. ते त्याच्या मनात राहील. आणखी काही दिवसांनी: ‘पूर्वपरीक्षेपर्यंत किती दिवस आहेत, आणि त्यातले या ग्रुपमध्ये रोज किती तास जातात?’ वर्षभराने कोर्सचा उपयोग झाला की नाही हे कशावरून ठरवायचं, हे त्याने स्वतःच एका कागदावर लिहून ठेवावं, असं सुचवून बघा. हे फार उपयोगी पडतं, कारण निकष आधी लिहिलेला असला की नंतर तो हलवता येत नाही. कागद त्याच्याकडेच राहू द्या.

आई रडते, बाबांचं बीपी वाढतं, लोक काय म्हणतील, हे मधे आणू नका. तुम्ही ते आणणार असाल तर तुम्ही आणि तो कोच एकच हत्यार वापरताय. भीती आणि लाज दोन्ही लवकर काम करतात, पण त्याने बदललेला माणूस पुढच्या मोठ्या आवाजाकडे पुन्हा वळतो.

पैशांचं थोडक्यात. हप्त्यांची सोय कुणी दिलीय ते बघा: कोचकडेच भरायचे आहेत, की एखाद्या ॲपमधून कर्ज झालंय? बऱ्याचदा ‘ईएमआय’ म्हणजे भावाच्या नावावर तिसऱ्याच कंपनीचं कर्ज असतं. अशा डिजिटल कर्जातून बाहेर पडायला ठरावीक मुदत द्यावी लागते, असा रिझर्व्ह बँकेचा नियम २०२२ पासून आहे. ती मुदत कर्जाच्या ‘की फॅक्ट स्टेटमेंट’मध्ये, म्हणजे मुख्य अटींच्या कागदात, लिहिलेली असते. ती संपली असेल तर रागाने हप्ते थांबवू नका. कोचशी भांडण वेगळं आणि कर्ज वेगळं. हप्ता चुकला तर सिबिल भावाचं बिघडेल. रिफंडच्या अटी मागवा, आणि त्या फोनवर न मागता ईमेलवर मागा. जाहिरातीचे, आश्वासनांचे, टायमरचे स्क्रीनशॉट आत्ताच काढून ठेवा. पानं बदलली जातात. दाद मिळाली नाही तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. पण यातलं काहीही भावाच्या पाठीमागे करू नका. तो तयार होईल तेव्हा त्याच्याच हाताने तक्रार करायला लावा.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. हे उत्तर त्याला पाठवू नका. त्याच्या फोनवर दिवसभर कुणी ना कुणी त्याला काहीतरी पटवतच असतं. त्यात आणखी एका अनोळखी माणसाची भर नको. तुम्ही स्वतः जा. त्याचं लाइव्ह सत्र रविवारी सकाळी अकराला असतं म्हणालात, तर त्यात व्यत्यय आणू नका. दुपारी उशिरा पोहोचा. सोबत घरचं काहीतरी न्या, शेंगदाण्याची चटणी, भाकरी, जे त्याला आवडतं ते. पहिल्या दिवशी कोर्सचं नावही काढू नका. पुण्यातल्या मेस रविवारी संध्याकाळी बंद असतात, रूमवरची बाकीची मुलं कुणाकुणाकडे जातात, आणि त्या वेळी तो तिथे एकटाच फोन घेऊन पडलेला असतो.